तळटीप : काशीदची वाळू आणि सर्फिंग

१. ‘अष्टमीपासून समुद्रापर्यंत’ या लेखकाच्या शब्दांत दोन वेगळ्या स्वभावांचे पाणी आले आहे. अष्टमी आणि रोहा ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जोडगावे. नदी पुढे रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. वरच्या अंगाला कोलाडचे राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. तिथली लाट खडकापाशी जागच्या जागी उभी असते, पाणी तिच्यातून धावते. समुद्रात उलट : लाट धावते, पाणी जवळपास तिथेच वर-खाली होते. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते.

कोर्लईच्या दक्षिणेला काशीदचा लांबलचक वाळूचा किनारा आहे. अशा तळावर लाट वाळूच्या बुडालेल्या बांधांवर फुटते. नवख्याने किनाऱ्यालगतच्या फेसात, कमरेएवढ्या पाण्यात फळीवर उभे राहायला शिकावे. बाहेरची, अजून न फुटलेली लाट सरावलेल्यांची. पडले तर खाली वाळू असते, म्हणून असा किनारा सर्वांना चालतो. मात्र वाळू म्हणजे अभय नव्हे, हे लेखकाने सांगायला हवे होते. बांध पावसाळ्यागणिक सरकतात आणि दोन बांधांमधल्या खोलगटातून पाणी समुद्राकडे जोराने ओढले जाते. काशीदला पर्यटक बुडाले आहेत. ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर यावे. जून ते सप्टेंबर नवख्याने इथे फळी घेऊन उतरूच नये.