सिंधुदुर्गाचे दगड कोणी वाहिले?

श्रोतेहो, मालवणास जाणे आता सोपे झाले आहे. सकाळी मुंबईस कोकण रेल्वेत बसावे, कुडाळास उतरावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी तारकर्लीच्या वाळूत पाय ठेवावा. तेथे वातानुकूलित खोली मिळते, सोलकढी मिळते, बुडी मारून पाण्याखालचे प्रवाळ पाहण्याचीही सोय आहे. देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते, ते पाहताना माणूस बोलायचे विसरतो. हे सारे अवश्य पाहावे. कष्टकऱ्यालाही सुट्टी हवी. तिच्यासाठी तर आम्ही हयातभर भांडत आलो.

आमचे वडील याच मुलखातून मुंबईच्या गिरणीत आले. १९८२ च्या संपात ती गिरणी गेली. आमची शाळाही तेव्हाच सुटली. पुढचा इतिहास आम्ही वाचनालयात बसून शिकलो. म्हणून मालवणच्या धक्क्यावर होडीत बसताना आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की समोरचा किल्ला बांधला कोणी?

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ साली तो पुरा झाला. खडकात पाया धरून त्यात शिसे ओतले. खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. महाराजांचे नाव जगाने जाणले, ते योग्यच झाले. पण भरती-ओहोटी सांभाळून ते दगड ज्यांनी वाहिले, त्या पाथरवटांची, लोहारांची, होडीवाल्यांची नावे आज कोणास ठाऊक?

त्या राज्यात मात्र श्रमाची आणि मालाची किंमत जाणली जात होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी स्पष्ट ताकीद आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. राज्याची गरजसुद्धा गरिबाच्या परसात विचारूनच शिरे.

आपली रेल्वेही अशाच हातांनी झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, पानवळचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल हे पार करूनच १९९८ साली सारा मार्ग खुला झाला. त्या कामात कामगारांचे प्राण गेले. त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. गाडी तेथे थांबते, प्रवासी चहा घेतात आणि गाडी निघते.

मागे एका लॉजमध्ये चहा आणणाऱ्या पोराला आम्ही विचारले, "बाबा, सुट्टी कधी?" तो हसून म्हणाला, "सीझन संपला की!" आमच्या पाच दिवसांच्या सुट्टीत त्याचा एकही दिवस मोकळा नव्हता.

तेव्हा मंडळी, मालवणास जरूर जा. किल्ल्याला नमस्कार करा, समुद्रात मनसोक्त डुंबा. मात्र आज्ञापत्रातला तो धडा सोबत न्या, आणि चहा आणणाऱ्या पोराला त्याची सुट्टी तेवढी विचारा.