उसन्या ब्रेकची कुळकथा

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईत येणारी गाडी सुमारे सहाशे मीटर खाली येते. गाडी एक टनाची धरली, इंजिनाचा अटकाव, हवेचा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला आणि वेग वाढू द्यायचा नाही असं ठरवलं, तर ही सगळी उतरण ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. हिशोब केला तर त्या उष्णतेत १७-१८ लिटर गार पाणी उकळीला येतं. आंघोळीची बादलीभर कढत पाणी, आणि ते तापवणारी चूल म्हणजे चाकांच्या आत बसलेले लोखंडाचे चार तुकडे.

एमएच ११ म्हणजे सातारा, एमएच ५० म्हणजे कऱ्हाड आणि एमएच १० म्हणजे सांगली. या तिन्ही पाट्यांच्या गाड्यांना घाट चुकत नाही. पसरणी आहे, कोयनेकडून कोकणात उतरणारा कुंभार्ली आहे, आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या दिशेने जाताना उतारावरच येणारं ते कुप्रसिद्ध ‘एस’ वळण आहे. अशा मुलखात ब्रेकचा विषय गॅरेजात निघतो तसा लग्नाच्या मांडवातही निघतो. आणि निघाला की एक प्रश्न ठरलेला: आपल्या गाडीला त्या दुसऱ्या गाडीचा ब्रेक बसेल का?

प्रश्न गावठी जुगाडाचा वाटतो. पण मोटारीचा ब्रेक सुधारला तो बहुतेक वेळा असाच, दुसऱ्याच्या घरून आणून. त्याचं कूळ काढलं तर एक टोक बर्मिंगहॅमला निघतं.

१९०२ साली तिथल्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तुकडे, एवढीच कल्पना. पण त्या काळी रस्ते धुळीचे होते, चिमट्याला लावायला धड पदार्थ नव्हता आणि धातूवर धातू घासला की किंकाळी उठायची. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक रुळवला. ड्रमच्या पोटात बसलेले दोन शू आतून बाहेर फाकतात आणि भिंतीला घासतात. त्यातला एक शू फिरण्याच्या ओघातच आणखी घट्ट रुततो, त्यामुळे पाय फारसा दाबावा लागत नाही. बूस्टर नसलेल्या काळात हे मोठं सुख होतं. पुढची पन्नास वर्षं ड्रमने राज्य केलं.

ड्रमचं दुखणं घाटातच कळतं. तापला की ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल खोल जातं, लायनरचा वास सुटतो आणि गाडी मात्र पळतच राहते. डिस्कचं उलट आहे: चकती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, शिवाय ती उघड्यावर असल्याने वारा तिला सतत निववतो. पाण्यातून गेलेल्या ड्रममध्ये पाणी अडकून बसतं, चकती ते झटकून टाकते.

हे गुण पहिल्यांदा उपयोगी पडले ते विमानांना. धावपट्टीवर उतरणाऱ्या जड विमानाला एकदाच, पण प्रचंड उष्णता पचवावी लागते. डनलॉप कंपनीने विमानांसाठी डिस्क ब्रेक तयार केले होते. जॅग्वारने त्यांच्याबरोबर बसून तेच तंत्र आपल्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीला बसवलं. १९५२ मध्ये रीम्सला स्टर्लिंग मॉसने या गाडीतून शर्यत जिंकली. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप पहिली आली, आणि त्या शर्यतीत सरासरी वेग प्रथमच ताशी शंभर मैलांपलीकडे गेला. बाकीचे चालक लांब सरळ रस्त्याच्या शेवटी लवकर पाय ठेवत होते. जॅग्वारवाले उशिरा ठेवत होते. १९५५ साली सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांचा डिस्क ब्रेक रोजच्या मोटारीत आणला. दोन-तीन वर्षांच्या आत विमानाचा ब्रेक बाजाराला निघालेल्या कुटुंबाच्या सेवेला लागला होता.

प्रत्येक उसनवारी मात्र पचतेच असं नाही. अमेरिकेत क्रॉस्ली कंपनीने १९४९ साली ‘हॉटशॉट’ नावाची चिमुकली स्पोर्ट्स कार काढली आणि तिला विमानाच्या धर्तीचे डिस्क ब्रेक दिले. १९५० च्या अखेरीस सेब्रिंगची पहिली शर्यत या गाडीने हँडिकॅपच्या नियमाने जिंकलीही. पण थंड प्रदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने हे ब्रेक गंजून जाम होऊ लागले आणि अनेक मालकांनी ते काढून साधे ड्रम बसवून घेतले. विमान कधी मिठाच्या चिखलातून चालत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यानंतर ही रीत कारखान्यातही रुळली आणि गल्लीतही. पोर्शेने १९७८ मध्ये ९११ टर्बोचं इंजिन ३.३ लिटरचं केलं, तेव्हा वाढलेल्या ताकदीला आवरायला आपल्याच ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या घराण्यातले ब्रेक दिले. गल्लीतल्या मंडळींनी असाच न्याय आपल्या हाताने केला. डॅटसन २४०झेड या जपानी स्पोर्ट्स कारला टोयोटाच्या मालवाहू पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर जवळपास जसेच्या तसे बसतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ती जोडी जगभर रूढ झाली. इंग्लंडमध्ये फोर्ड कॅप्रीवाले ऑस्टिन प्रिन्सेस या बेढब घरगुती गाडीचे कॅलिपर भंगारात शोधत फिरायचे. देखणी गाडी आणि तिला टेम्पोचा ब्रेक! यात विनोद आहे, पण तर्क पक्का आहे. माल वाहणाऱ्या गाडीचा ब्रेक मुळातच जास्त वजन थांबवण्यासाठी घडवलेला असतो.

सातारा-सांगलीकडे पोर्शे नव्हत्या, लोखंड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, ही हकिकत या भागात आवर्जून सांगितली जाते. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. ते पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. या भट्ट्यांतून जे करडं बीड ओतलं जातं, त्याच जातीच्या बिडाच्या ब्रेकच्या चकत्या आणि ड्रम होतात. त्यात विखुरलेले ग्राफाइटचे पापुद्रे उष्णता झटपट वाहून नेतात आणि कंप जिरवतात, त्यामुळे ब्रेक कमी किंचाळतो. शंभर वर्षं बीड ओतणाऱ्या, कातणाऱ्या आणि भोक पाडणाऱ्या मुलखात ‘बसत नाही’ हा शब्द लेथवाला सहज मान्य करत नाही.

एका कंपनीचा भाग दुसऱ्या नावाच्या गाडीला चालतो, हेही इथे नवं नव्हतं. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायची. आराखडा बजाजचा, त्याच्या मागे इटलीची व्हेस्पा. नाव बदललं तरी आतलं बरंचसं सामान ओळखीचंच.

खरी शाळा मात्र वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपने घेतली. महिंद्राने विलीजच्या परवान्याने जीप बांधायला सुरुवात केली, ती लष्करी वंशाची होती. महायुद्धातल्या विलीजला नऊ इंची ड्रम होते आणि त्यांच्यावर भार धरला होता चार शिपायांचा. वडापात तीच बांधणी आत दहा-बारा, मागच्या पायरीवर दोन-चार आणि टपावर शेळीसकट बाजाराचं सामान घेऊन धावू लागली. जीपच्या नंतरच्या पिढ्यांना अकरा इंची ड्रम आले. नऊचा अकरा झाला की तेवढ्याच जोराने घासणारा शू चाकाला सुमारे बावीस टक्के जास्त आवर घालतो, कारण तो मध्यापासून लांब घासतो. त्याच घराण्यातल्या नव्या मॉडेलचे ड्रम, पुढे डिस्क आणि बूस्टर जुन्या जीपवर चढणं यात काही आश्चर्य नाही. चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ जुळत असलं की अर्धं काम झालेलं असतं.

उरलेल्या अर्ध्या कामात लोक फसतात. मोठा कॅलिपर लावला म्हणजे ब्रेक मोठा झाला, असं वाटतं. समजा जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा आहे आणि उसना आणलेला ५४ चा. क्षेत्रफळ साधारण सत्तावीस टक्क्यांनी वाढलं, तेवढा चकतीवरचा जोरही वाढला. पण तो पिस्टन सरकवायला ब्रेक ऑइलही तेवढंच जास्त लागणार, म्हणजे पेडल जास्त खाली जाणार. मालक कुरकुरतो, ‘ब्रेक खोल लागतोय’. मिस्त्री एअर काढतो, पुन्हा काढतो, एअर नसतेच. मग मोठा मास्टर सिलिंडर बसवला जातो आणि पेडल वर येतं. पण त्याच मापात ऑइलवरचा दाब कमी होतो आणि मिळवलेला जोर आला तसा जातो. हाती उरतं ते फक्त मोठ्या चकतीचं अंतर आणि तिचं जास्तीचं लोखंड.

ते थोडं नाही. घाटात कामाला येतं ते हे लोखंडच. कोरड्या डांबरावर ताशी ८० च्या वेगात करकचून ब्रेक दाबला तर गाडी साधारण पस्तीस मीटरमध्ये थांबते, आणि ही मर्यादा टायरच्या पकडीची असते. चाकं जाम करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्ये असेल, तर नवा ब्रेक पहिल्या थांब्याला काहीच कमी करत नाही. त्याची किंमत कळते दहाव्या वळणावर, जेव्हा जुना ब्रेक तापून निकामी व्हायला लागलेला असतो. अलॉयच्या आतून लालभडक कॅलिपर दिसावा एवढ्यासाठी खर्च करणाऱ्याने आधी ब्रेक ऑइल बदलावं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ जातीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेल्याची किमान मर्यादा १४० अंशांची. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं.

दुसरा फास पुढच्या-मागच्या तोलाचा आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून कारखाना मागे मुद्दाम कमी जोर ठेवतो. हौसेने मागेही जबर डिस्क बसवली, तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी शेपटीकडून फिरते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भारतात होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत हे फार कठोरपणे तपासतात: मुलांनी स्वतः बांधलेल्या बग्गीला ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाहिन्या हव्यात, आणि परीक्षकासमोर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. मुलं मारुतीचा मास्टर सिलिंडर आणि मोटारसायकलचे कॅलिपर असा संसार मांडतात आणि तो जुळेपर्यंत रात्री जागवतात. पुस्तकातला पास्कलचा नियम तेव्हा कुठे हाताला लागतो.

बुलेटवाल्यांची तऱ्हा जरा सोपी. जुन्या बुलेटला पुढे ड्रम होता. नंतर त्याच कारखान्याच्या थंडरबर्ड आणि इलेक्ट्रावर डिस्क दिसू लागली, तसे जुने मालक तिथून अख्खा पुढचा संच आणायला लागले: फोर्क, हब, चकती, कॅलिपर आणि हँडलवरचा मास्टर सिलिंडर. ही शहाणपणाची पद्धत. एकेक भाग उसना घेण्यापेक्षा एकमेकांसाठी बनलेलं अख्खं कुटुंबच आणलं की मापांची भांडणं उरत नाहीत.

कायद्याला मात्र कुटुंब असो की एकटा भाग, दोन्ही सारखेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कारखान्याला ब्रेकची चाचणी देऊनच मॉडेल मंजूर करून घ्यावं लागतं. गल्लीतल्या लेथवर ती चाचणी होत नाही. मिस्त्रींना ही अडवणूक वाटते. समोरून येणाऱ्या गाडीत बसलेल्याला वाटेलच असं नाही.

या दोन बाजूंची गाठ सांगली जिल्ह्यातच पडली, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी. हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे भाग जमवून मुलासाठी एक छोटी जीप बांधली. खर्च साठ हजारांच्या आसपास, स्टिअरिंग डावीकडे आणि चालू करायला मोटारसायकलसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर पोचला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून उतरवावी लागेल, असं आनंद महिंद्रांनी जाहीरपणे म्हटलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाला नवी गाडी मिळाली आणि घरची जीप महिंद्राच्या संग्रहात जाणार हे ठरलं. बदल्यात आलेल्या बोलेरोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि पायाला बूस्टरची मदत आहे. तिन्हींची मापं एकाच कारखान्यात एकमेकांना लावून घेतलेली.