हजेरीपटातील मौन

कोरेगाव हे पुणे–मिरज लोहमार्गावरील सातारा व रहिमतपूर यांच्या दरम्यानचे स्थानक होय. तार व दूरध्वनी यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत अशा स्थानकाच्या मास्तराने पुढील स्थानकाकडे ‘लाइन क्लियर’ मागावयाची, आलेले उत्तर वेळेसह नोंदवहीत उतरावयाचे आणि मगच गाडी सोडावयाची, असा दंडक होता. उत्तर आले नाही, एवढ्यावरून मार्ग मोकळा आहे असे समजण्याची मुभा कोणासही नव्हती. तार तुटलेली असो, पलीकडील मास्तर जागेवर नसो, वा मार्गावर खरोखरच गाडी उभी असो. मौनाचा अर्थ प्रथमतः सावधगिरीचाच घेतला जाई.

कार्यालयीन जालातील संगणक चालू आहेत की बंद, हे पाहून त्याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा इतिहास हाही मुख्यतः मौनाचा अर्थ लावण्याचाच इतिहास आहे. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जालावर दोन संगणकांचा पहिला संवाद २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास झाला, आणि त्याची नोंद कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील नोंदवहीत हातानेच केली गेली. पुढे केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील नियंत्रण-केंद्राकडे जालातील प्रत्येक जोडयंत्र आपल्या स्थितीचे वृत्त ठराविक अंतराने आपणहून पाठवू लागले. या व्यवस्थेचा विशेष असा की, निरोप न पोचल्यास त्याचे कारणही कळविले जाई. जोडयंत्रापर्यंतच पोचता आले नाही, ही एक गोष्ट. जोडयंत्र आहे पण त्यामागील संगणक बंद आहे, ही दुसरी. बंद होऊ घातलेला संगणक कारण आणि पुन्हा चालू होण्याची अपेक्षित वेळ आधीच सांगू शके.

१९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या आंतरजाल-नियमांत प्रतिध्वनीची मागणी व तिचे उत्तर यांची तरतूद होती. तिच्या आधारे माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ‘पिंग’ हा लहानसा कार्यक्रम लिहिला. हाक मारावी आणि ओ येते का पाहावे, इतके हे साधन सोपे असल्याने ते सर्वत्र रूढ झाले. परंतु सोपेपणाबरोबर जुना विवेक मागे पडला. ओ आली नाही, की हजेरीपटात ‘बंद’ अशी नोंद होऊ लागली. २००४ साली ‘विंडोज एक्सपी’च्या दुसऱ्या सुधारित संचाबरोबर फायरवॉल आरंभापासूनच चालू राहू लागली. बाहेरून आलेल्या हाकेला ती सामान्यतः उत्तर देऊ देत नसे. त्यामुळे सुरळीत काम करणारा संगणकही अशा नोंदीत गैरहजर ठरू शके. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आणि २००२ पासून ‘नागिओस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनाने ‘बंद’ आणि ‘वाटेतील दुव्यामुळे अप्राप्य’ असे दोन शेरे वेगळे केले. अर्पानेटचाच भेद येथे नव्या रूपाने परतला.

हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. केंद्र शासनाने २००५ साली मंजूर केलेल्या राज्यव्यापी जालाच्या योजनेत राज्य, जिल्हा व गट असे तीन स्तर कल्पिलेले होते, आणि सेवेच्या मोजमापासाठी त्रयस्थ लेखापरीक्षकाची तरतूद होती. अशा रचनेत कोरेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणचा संगणक उत्तर देईनासा झाला, तर दोष विजेचा, वाहिनीचा, चालकाचा की कार्यालयाचा, याचा निवाडा नोंदीवरूनच व्हावयाचा असतो. नोंदीत एकच शेरा असेल, तर तो निवाडा होऊ शकत नाही. आणि खोळंबलेल्या खातेदारास मिळणारे ‘यंत्र बंद आहे’ हे उत्तरही तितकेच अपुरे राहते.

मराठी कचेरीच्या हजेरीपटाने ‘रजा’, ‘कामगिरीवर’ आणि ‘गैरहजर’ हे शेरे कधी एक मानले नाहीत. कारण त्यांतील एकाने पगार कापला जातो, इतरांनी नाही. यंत्रांच्या हजेरीपटासही तीच शिस्त हवी. त्यात मुळात नोंदली जाते ती यंत्राची स्थिती नव्हे, तर विशिष्ट ठिकाणाहून विशिष्ट क्षणी मारलेल्या हाकेस उत्तर आले की नाही, एवढेच. त्यापुढील प्रत्येक शब्द हा अनुमानाचा आहे, आणि तो तसाच ओळखला गेला पाहिजे.