हजेरीपटाबाहेरची तबकडी

श्रोतेहो, कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावे ते बोनस, किमान वेतन, नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलण्यासाठी, असा संकेत आहे. यंदा आम्ही तो मोडीत आहोत. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९८१ साली निघालेल्या गाण्यांच्या एका तबकडीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. तबकडीचे नाव 'बेटर लक', आणि ती काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'द प्लग्झ'. ही नावे आपण ऐकली नसतील तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही. रॉक संगीताच्या जाडजूड इतिहासांतूनही त्यांना फार जागा मिळालेली नाही, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

या विषयाशी आमची गाठ पडली ती आडवाटेने. १९८७ साली 'ला बाम्बा' नावाचा अमेरिकन चित्रपट निघाला. पुढे एकदोन वर्षांनी आमच्या वस्तीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आम्ही तो पाहिला. तेव्हा आम्ही दिवसा हेल्परचे काम करीत होतो आणि रात्रशाळेत जात होतो. भाषा कळली नाही, पण गाणे डोक्यात बसले. बऱ्याच वर्षांनी, संघटनेच्या कामात मुरल्यावर, कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या मजुरांच्या संपाविषयी वाचीत असता एक नाव समोर आले आणि आम्ही चमकलो. १९६५ साली डेलानो गावी तो संप सुरू झाला. प्रथम काम थांबविले फिलिपिनो मजुरांनी, आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. त्या संपात ट्रकच्या फळ्यांवर उभे राहून मजुरांसाठी नाटुकली करणारे 'तेआत्रो कांपेसिनो' नावाचे पथक ज्याने काढले, तो शेतमजुराचा मुलगा लुइस वाल्देस. आणि 'ला बाम्बा' चित्रपटाचा दिग्दर्शकही तोच! संपातल्या ट्रकवरून निघालेला माणूस आमच्या वस्तीतल्या पडद्यापर्यंत पोहोचला होता. त्या धाग्याला धरून आम्ही मागे गेलो, आणि मागे जाता जाता या तबकडीशी येऊन थांबलो.

'ला बाम्बा' हे मूळ मेक्सिकोच्या वेराक्रूस किनाऱ्यावरचे लोकगीत, लग्नकार्यात नाचावयाचे. लॉस एंजेलिसजवळच्या पाकोइमा भागातील रिचर्ड वालेन्सुएला या मजुराघरच्या पोराने १९५८ साली ते विजेच्या गिटारवर घेतले. तबकडी काढणाऱ्याने त्याचे आडनाव छाटून 'व्हॅलेन्स' केले, म्हणजे मेक्सिकन नाव पाहून रेडिओवाले बिचकावयाचे नाहीत. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्या काळच्या अमेरिकेत 'रॉकबिली' नावाचे संगीत जोरात होते. दक्षिणेकडच्या गोऱ्या गरिबांची खेडवळ गाणी आणि काळ्या लोकांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून, मेम्फिससारख्या शहरांत, ते जन्मले. मोठ्या बासच्या तारांवर थापट्या मारून ठेका धरावयाचा आणि गिटारने त्यावर उड्या घ्यावयाच्या, अशी त्याची तऱ्हा. म्हणजे पाहा, रॉकबिली काय आणि 'ला बाम्बा' काय, दोन्ही कष्टकऱ्यांच्या अंगणातली रोपे; पण एकाचे वंशज राजे म्हणून मिरवले आणि दुसऱ्याचे नाव कापले गेले.

हे नाव कापण्याचे दुःख आम्हांस विशेष लागते, त्याला कारण आहे. कामगार ज्याला मस्टर म्हणतो त्या हजेरीपटाशी आमचा उभा जन्म झगडा चालला आहे. एका कारखान्यात वीसाहून अधिक वर्षे राबलेला एक म्हातारा आमच्याकडे ग्रॅच्युइटीसाठी आला. मस्टरवर त्याचे नाव कधी एका कंत्राटदाराकडे, कधी दुसऱ्याकडे, कधी अर्धेच, आणि कित्येक वर्षे तर मुळीच नाही. त्याच्याजवळ पुरावा एकच होता: दसऱ्याच्या दिवशी यंत्राला हार घालून काढलेला फोटो. यंत्र ओळखू येत होते, माणूसही ओळखू येत होता. पण कागद बोलत नव्हता. संगीताच्या इतिहासालाही असेच मस्टर असते, हे आम्हांस पुढे कळले.

आता लॉस एंजेलिसकडे वळू. त्या शहराच्या मधून एक नदी जाते. तिला सिमेंटने बांधून काढले आहे. तिच्या पूर्वेस मेक्सिकन वंशाच्या कामकऱ्यांची मोठी वस्ती. मंदीच्या काळात, १९३० नंतर, यांच्यातील कित्येकांना, जन्माने अमेरिकन असलेल्यांनाही, मेक्सिकोत धाडण्यात आले. १९४३ च्या जूनमध्ये नौसैनिकांनी त्यांच्या तरुणांना रस्त्यात गाठून, कपडे फाडून मारले. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेला त्यांचा प्रचंड मोर्चा पोलिसांनी उधळला आणि त्याच दिवशी रुबेन सालासार हा त्यांचा नामवंत पत्रकार अश्रुधुराच्या नळकांड्याने मारला गेला. या वस्तीतली पोरे सत्तरीच्या दशकात वयात आली.

१९७७ च्या सुमारास नदीच्या पलीकडे, हॉलिवूडमधल्या 'मास्क' नावाच्या तळघरात, पंक संगीताचा धुमाकूळ सुरू झाला. पंक म्हणजे काय, हे आम्ही आमच्या परीने असे सांगतो: उस्तादाची परवानगी न घेता वाजविलेले संगीत. गिटारचे तीन सूर येत असले म्हणजे झाले. बोलावयाचे आहे ते जोरात आणि झटपट बोलून टाकावयाचे. त्याच वर्षी प्लग्झ एकत्र आले. गाणारा आणि गिटार वाजविणारा टिटो लारिवा मेक्सिकोतील सिउदाद ह्वारेसचा. लहानपण गेले ते अलास्काच्या बर्फात आणि सरहद्दीवरच्या एल पासो गावी. ड्रम वाजविणारा चार्ली क्विंताना हाही एल पासोचा, तेव्हा मिसरूडही न फुटलेला. बासवर बॅरी मॅकब्राइड.

आणि येथे, श्रोतेहो, संघटनेच्या माणसाचे कान टवकारले जातात. या पोरांनी कोणा कंपनीच्या दारात उभे न राहता स्वतःचीच कंपनी काढली. १९७९ साली 'इलेक्ट्रिफाय मी' ही त्यांची पहिली तबकडी 'प्लग्झ रेकॉर्ड्स' या त्यांच्याच नावाने निघाली. त्या शहरातील पंक मंडळींत असे करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी ते होत. स्वतःची तबकडी काढणे म्हणजे काय? स्टुडिओचे भाडे आधी मोजावयाचे; मूळ तबकडी कापून घ्यावयाची, तिच्यावरून धातूचे साचे, साच्यांवरून कारखान्यात माल; वेष्टणे छापावयाची; आणि मग खोकी उचलून दुकानोदुकानी जावयाचे. पैसा हाती येतो तो सर्वांत शेवटी, येईल तेव्हा. भांडवल आणि हमाली दोन्ही एकाच खांद्यावर. त्या पहिल्या तबकडीत त्यांनी 'ला बाम्बा' घेतले आहे, व्हॅलेन्सच्या दुप्पट वेगाने. मूळ गीतातील नाचणारा म्हणतो की मी साधा खलाशी नव्हे, कप्तान आहे; त्या जागी या मंडळींनी चक्क राजकीय टोमणा घातला. वडीलधाऱ्यांचे गाणे उचलून त्यातच बंडाची भाषा बोलणे आमच्या शाहिरांना चांगले ठाऊक आहे.

पुढे 'फातिमा रेकॉर्ड्स' उभी राहिली, आणि तिने केवळ स्वतःचा माल काढला नाही. १९८० साली पूर्व लॉस एंजेलिसच्या 'द ब्रॅट' या चमूची छोटी तबकडी तिने काढली. तेरेसा कोवारुबियास ही तरुणी त्यात गाते. त्याच वर्षी वस्तीतच गाण्यासाठी 'व्हेक्स' नावाची जागा सुरू झाली, तीही कोठे, तर सिस्टर कॅरेन बोक्कालेरो या जोगिणीने चालविलेल्या 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' या छपाई-चित्रकलेच्या केंद्रात. हॉलिवूडची गोरी पोरे प्रथमच नदी ओलांडून पूर्वेकडे गाणे ऐकावयास येऊ लागली. आणि ४ मे १९८० ची गोष्ट: लॉस लोबोस, म्हणजे लांडगे, हा लग्नामुंजीतून मेक्सिकन लोकगीते वाजविणारा वस्तीतला चमू, ज्याने १९७६ साली शेतमजूर संघटनेच्या मदतीसाठी निघालेल्या 'सी से पुएदे' या तबकडीवर वाजविले होते, त्याला टिटो लारिवाच्या आग्रहाने ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये एका बड्या ब्रिटिश पंक चमूच्या आधी उभे करण्यात आले. श्रोत्यांनी त्यांच्यावर थुंकून आणि वस्तू फेकून त्यांना हाकलले. पण लांडगे माघारी गेले नाहीत. विजेची वाद्ये घेऊन पुन्हा आले. सात वर्षांनी वाल्देसच्या चित्रपटासाठी 'ला बाम्बा' गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले ते हेच.

आता 'बेटर लक'. पहिल्या तबकडीत घाई होती. या दुसरीत दम आहे. दोन वाद्यांच्या मध्ये हवा खेळते. गिटारमध्ये रॉकबिलीची उडी ऐकू येते. त्या सुमारास ब्लास्टर्ससारखे चमू त्या शहरात पन्नाशीच्या दशकाचा तो ठेका पुन्हा वाजवू लागलेच होते. ड्रम मात्र मधूनच सरहद्दीच्या दक्षिणेकडे वळतात. 'एल क्लावो इ ला क्रूस', म्हणजे खिळा आणि क्रूस, हे गाणे संपूर्ण स्पॅनिश आहे. ते ना पंक म्हणता येते ना लोकगीत, आणि तीच त्याची ताकद. सगळीच गाणी सारखी उतरली आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दोनतीन त्या काळच्या फॅशनीत अडकली आहेत. पण जी उतरली आहेत, त्यांत तीन परंपरा एका घरातल्या भावंडांसारख्या भांडतात आणि जेवावयास एकत्र बसतात.

मग ती विसरली का गेली? आमच्या मते, कोणत्याच मस्टरवर तिचा रकाना नव्हता. १९८१ पर्यंत पंकचा जोर उपनगरांतल्या अधिक वेगवान, अधिक आडदांड चमूंकडे सरकला होता; त्यांना ही मवाळ वाटली. स्पॅनिश बोलीच्या बाजारास ती फार इंग्रजी, इंग्रजीच्या बाजारास फार स्पॅनिश. वेगळ्या रकान्याची सवय किती खोल असते पाहा: १९८४ साली लॉस लोबोसना ग्रॅमी मिळाले तेही मेक्सिकन-अमेरिकन गायनाचा स्वतंत्र विभाग नव्याने उघडून. आणि छोट्या कंपनीचा माल संपला की पुन्हा साचा लावावयास पैसा कोठला?

त्याच १९८४ साली 'रेपो मॅन' या चित्रपटात प्लग्झचे संगीत वाजले, आणि 'एल क्लावो इ ला क्रूस' चित्रपटाच्या तबकडीवरून कितीतरी दूरवर गेले. २२ मार्चला तर क्विंताना, नवा बासवाला टोनी मार्सिको आणि गिटारवर जे. जे. हॉलिडे हे तिघे डेव्हिड लेटरमनच्या दूरदर्शन-कार्यक्रमात थेट बॉब डिलनच्या मागे उभे होते. त्या रात्रीची तीन गाणी आजही जाणकार काढून काढून ऐकतात, आणि डिलनविषयी लिहितात. पुढे हा चमू नाव बदलून 'क्रूसादोस' झाला, १९८५ साली अरिस्टा या मोठ्या कंपनीसाठी गायला. स्वतःच्या खोक्यांची हमाली संपली, यात आम्ही त्यांस दोष देणार नाही. पोट सर्वांना आहे. क्विंताना २०१८ साली वारला.

भाषणाच्या शेवटी आम्ही 'एल क्लावो इ ला क्रूस' सभागृहात ऐकविले. संपल्यावर पहिल्या रांगेतील एक निवृत्त बँडवाले गृहस्थ उठले आणि म्हणाले, ड्रमवाल्या पोराचा तेवढा तुकडा पुन्हा लावा. आम्ही तो लावला.