'मिलिंद' हे नाव आपल्या घरात आले कोठून?

विहारात नामकरण विधी ठरला की आई-बापांचे एक मागणे हमखास असते : नाव धम्मातले पाहिजे, पण चारचौघांपेक्षा जरा वेगळे पाहिजे. मग सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा अशी नावे निघतात. त्याच रांगेत मिलिंद हेही नाव येते. ते आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वेगळे आहे असे कुणाला वाटतच नाही. खरे पाहता या सगळ्या नावांत तेच सर्वांत परके. ते एका ग्रीक राजाचे नाव आहे.

हा राजा म्हणजे मिनँडर. ग्रीकमध्ये मेनान्द्रोस. याचा अर्थ साधारणपणे 'टिकून राहणारा, न हटणारा पुरुष' असा लावतात. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पंजाब-गांधार भागावर त्याचे राज्य होते. राजधानी सागल, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. त्याची नाणी पुष्कळ सापडतात. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. त्याची नाणी भडोच बंदरात पहिल्या शतकातसुद्धा चालत होती, असे एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे.

मेनान्द्रचा मिलिंद कसा झाला, असे कुणी विचारील. त्याला फार लांब जायला नको. संस्कृत 'निंब' आपल्या तोंडी 'लिंब' झाला, तसा इथे 'न'चा 'ल' झाला. 'चंद्र'चा 'चांद' होताना जसा 'र' गळला, तसा इथेही गळला. लोकांच्या जिभेने राजाचे नाव आपलेसे करून घेतले, एवढेच.

या राजाला अमर केले ते 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाने. राजा मोठा वादपटू. भल्याभल्यांना प्रश्न विचारून गप्प करणारा. त्याला भेटले भिक्खू नागसेन. आणि गंमत अशी की दोघांचा संवाद सुरू होतो तोच नावावरून! राजा नाव विचारतो. भंते सांगतात, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते व्यवहारापुरते. त्या नावामागे कायमचा असा कुणी 'मी' सापडत नाही. राजा चिडतो. तेव्हा भंते उलट विचारतात, महाराज, आपण पायी आलात की रथाने? रथाने आलो म्हटल्यावर, मग रथ कोणता ते दाखवा : चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा हुशार, मुद्दा त्याच्या लक्षात येतो आणि तो तो मोकळेपणाने कबूल करतो. हातात तलवार असलेला माणूस चर्चेत हरतो आणि हरल्याचा राग धरत नाही, ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते.

ग्रंथाच्या शेवटी राजा विहार बांधून नागसेनांना दान देतो आणि राज्य मुलाच्या हाती सोपवून प्रव्रज्या घेतो. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र सांगतो की तो छावणीत वारला आणि त्याच्या अस्थींसाठी नगरांत भांडण लागले. शेवटी त्या वाटून घेऊन सर्वांनी स्मारके उभारली. दोन्ही हकिकतींचा मेळ बसत नाही. पण अस्थी वाटून स्मारके उभारण्याची ही कथा वाचताना तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरचे धातुवाटप कुणालाही आठवेल.

आपल्या महाराष्ट्रात यवन आलेच नाहीत असे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आहेत, आणि त्यांची नावे सिहधय, धम्म अशी! जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदवून दिल्या. म्हणजे त्या काळी यवनांनी इथली नावे घेतली, आणि दोन हजार वर्षांनी आपण यवनाचे नाव घेतले.

ते घेतले कोणामुळे, हे सांगायला नकोच. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. निजामी राजवट जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या महाविद्यालयाला पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' असे नाव दिले. शिकायला आलेल्या पोराने प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाच्या कॉलेजात बसायचे, आणि ते कॉलेज त्या राजाला उत्तरे देणाऱ्या भिक्खूच्या वनात! यापेक्षा नेमकी जोडी सापडली नसती.

त्याआधी आपल्या घरांतली नावे कोणती होती? धोंड्या, दगडू, कचऱ्या, भिक्या. काही दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली, हे खरे. पण शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असा नियमच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ती मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळली गेली, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि मग पाळण्यातली नावे बदलली. कचऱ्याच्या नातवाचे नाव मिलिंद झाले. शाळेच्या हजेरीत ते नाव पुकारले जाई तेव्हा आजोबांच्या मनात काय येत असेल, ते ज्याचे त्याने ताडावे.

एक खुलासा. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. इतर समाजांतही हे नाव आहे, ते पुष्कळदा त्या अर्थाने. त्यात वाद घालण्याचे कारण नाही. पण मुलाने अर्थ विचारला तर त्याला दोन्ही सांगावेत, आणि राजाची गोष्ट आधी सांगावी. आणि दाखल्यावर 'मिलींद' असे लिहू देऊ नये. मूळ पालीत दोन्ही इकार ऱ्हस्वच आहेत.