सडातली नळी

दूध काढायचं यंत्र चालताना पाहिलं की वाटतं, यात काय अवघड आहे? पेले लावायचे नि ओढायचं. पण इथवर यायला बरीच वर्षं गेली आणि त्याची किंमत मोजली गायींच्या सडांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्पक मंडळींनी काय करावं, तर सडाच्या भोकातून चक्क धातूची बारीक नळी आत सारली. दूध आपोआप बादलीत! सडाच्या टोकाशी जेमतेम सेंटिमीटरभर वाट असते. तिला आवळून धरणारा स्नायू आणि आतून जंतू अडवणारं अस्तर, एवढंच काय ते कासेचं दार. रोज नळी घातली की दार सैल पडतं, अस्तर सोलवटतं, आणि एकीचा रोग दुसरीला लागतो. म्हणजे दगडीला आमंत्रणच. जंतूंमुळे रोग होतात हेच तेव्हा मान्य व्हायचं होतं, तर दोष कुणाला देणार?

मग पंप आले. १८८९ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम मर्चलंडने निर्वाताचं यंत्र आणलं, पण ओढ अखंड. सतत ओढलं की सडात रक्त साकळतं, टोक सुजतं, गाय लाथा झाडते. वासरू असं पीत नाही हो! ते ओढतं, घोट गिळायला थांबतं, पुन्हा ओढतं. ही थांबण्याची गोष्ट यंत्रात आली १८९५ मध्ये, ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्सच्या ‘थिसल’ यंत्रात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुहेरी पेला आला. आतलं रबर मिनिटाला साधारण साठ वेळा मिटतं-उघडतं, तेवढाच सडाला विसावा. मला विचाराल तर खरा शोध हाच, ओढण्याचा नव्हे.

अर्थात हातानं काढलं म्हणजे सड सुखरूप, असंही नाही. आपल्याकडे अंगठा मुडपून पिळायची खोड जुनीच. त्यानं आतून इजा होते, गाठ धरते, धार बारीक होते. सड चिमटीत धरून हळूच फिरवला की ती गाठ बोटांना लागते. अशा वेळी काडी घालून वाट मोकळी करणारे महाभाग अजून आहेत. तीच जुनी चूक, यंत्राविना!

गेल्या वर्षी काकांच्या गायीचा सड काटेरी तारेनं फाटला. जखमेतून दूध झिरपत होतं, म्हणजे चीर थेट आतपर्यंत गेलेली. डॉक्टर दोन तासांत आले हे नशीब, कारण अशी जखम ताजी असतानाच नीट सांधते. भूल देऊन त्यांनी आतल्या थरापासून टाके घातले. आणि मग टाक्यांवर ताण नको म्हणून दूध काढायला पिशवीतून काय काढलं? तीच बारीक नळी! फक्त निर्जंतुक, आणि जखम भरेपर्यंतच. काकूंना त्यांनी बजावलं, दूध काढलं की लगेच पुढ्यात वैरण टाका, अर्धा-पाऊण तास तिला बसू देऊ नका. तोवर सडाचं तोंड मिटलेलं नसतं.