दुसऱ्या आकृतीची कुळकथा

सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीचे जनकत्व पाठ्यपुस्तके विन्स्टन रॉइस यांना देतात आणि ऑगस्ट 1970 मधल्या त्यांच्या वेस्कॉन परिषदेतील निबंधाकडे बोट दाखवतात. गंमत अशी, की त्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. गरजा, विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी अशा उतरत्या पायऱ्या दुसऱ्या आकृतीत आहेत खऱ्या. पण पाठोपाठ रॉइस बजावतात, की काम असेच केले तर अपयश ओढवेल. चाचणी येते शेवटी. वेग आणि मेमरी यांचे अंदाज प्रत्यक्षात तेव्हाच पहिल्यांदा तपासले जातात. ते चुकले तर मूळ रचनाच मोडावी लागते आणि खर्च दुप्पट होऊ शकतो. पुढचा सारा निबंध यावरच्या उपायांचा आहे. काम 30 महिन्यांचे असेल तर 10 महिन्यांचा पथदर्शी नमुना आधी करा, ग्राहकाला वेळोवेळी सामील करून घ्या, असे ते सांगतात.

मग जनक कोण? काहींच्या मते हर्बर्ट बेनिंग्टन. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेच्या कामावरून त्यांनी 1956 मध्येच असे टप्पे मांडले होते. पण 1983 मध्ये तो निबंध पुन्हा छापला गेला, तेव्हा आधी प्रायोगिक नमुना झाला होता, असा खुलासा खुद्द त्यांनीच केला. म्हणजे हाही दावेदार बाद. नाव मिळाले ते 1976 मध्ये, बेल आणि थेयर यांच्या निबंधात, रॉइस यांचा हवाला देऊन. माझा तर्क असा, की वाचकांनी आकृती उचलली आणि मजकूर तिथेच सोडला. 1985 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचे 2167 हे मानक आले, तेव्हा टप्प्याटप्प्याने कागदपत्रे मंजूर करून पुढे सरकण्याची रीत कंत्राटांत पक्की झाली. सरकारी हिशेबनिसाला उतरत्या पायऱ्या तपासायला सोप्या, मागे वळणारे बाण अडचणीचे!

यावर आक्षेप निघतो, की रॉइस काही आजच्या ‘अजाइल’वाल्यांचे, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करणाऱ्यांचे, पूर्वज नव्हेत. तो रास्त आहे. मूळ कल्पनेवर आपला विश्वास आहे, असे तेही म्हणतात. 50 लाख डॉलरच्या सॉफ्टवेअरसाठी 1500 पानांचे तपशीलपत्र त्यांना योग्य वाटते. टप्पे त्यांना मान्यच होते. त्यांचा विरोध होता तो एकाच फेरीत काम उरकण्याला, आणि नेमकी तीच एक फेरी त्यांच्या नावावर खपवली गेली. ‘वॉटरफॉल’ शिकवणाऱ्यांनी दुसरी आकृती फळ्यावर जरूर काढावी, फक्त तिच्यापुढचा परिच्छेदही वर्गात वाचून दाखवावा.